कॉम्प्युटरची मोटर

दसरा उलटला की माझ्या दुकानात कुंकू लागलेले कॉम्प्युटर यायला लागतात. एरवीचे येतात ते धुळीनं गुदमरलेले असतात, हे मात्र सजून येतात. वर हळदीची बोटं, पुढच्या बाजूला स्वस्तिक, आणि पत्रा उघडला की पंख्यातून झेंडूची पाकळी खाली पडते. घेऊन येणारा सांगतो, "ताई, आम्ही काही केलं नाही. आपोआप बंद पडला."

माझं दुकान सुरतेत, लिंबायतला आहे. रेल्वेखालच्या गरनाळ्यातून आत आलं की लेसपट्टी आणि फॉल-पिकोच्या दुकानांच्या रांगेत 'सुनंदा कॉम्प्युटर' अशी पाटी दिसेल. सुनंदा म्हणजे मीच. नवीन माणूस अजूनही आत डोकावून "शेठ कुठे गेले?" असं विचारतो. शेठ रिक्षा चालवतात. त्यांना स्क्रूड्रायव्हरचं कोणतं टोक धरायचं हेही माहीत नाही, आणि त्याबद्दल त्यांना काही वाईटही वाटत नाही.

आमच्या भागात घरटी एक तरी माणूस लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, आहे किंवा होता. आम्ही सगळे खान्देशातून आलेलो. लूमवरचा माणूस वर्षभर मशीनला शिव्या देतो आणि दसऱ्याला त्याच मशीनचे पाय धरतो. तेलपाणी करून पुसून काढतो, हळदकुंकू वाहतो, हार घालतो, नारळ फोडतो आणि ते पाणी मशीनवर शिंपडतो. लूम लोखंडाचं. ते असल्या पूजा पचवून पुन्हा खडखडायला लागतं. आता त्याच घरात मुलांचा कॉम्प्युटर आला, त्यालाही तोच मान मिळतो. पंखा चालू असताना चिमूटभर कुंकू पुढे धरलं की तो ते भक्तिभावानं आत ओढून घेतो. बापाची श्रद्धा आणि मुलाची परीक्षा, दोन्ही माझ्या टेबलावर येऊन पडतात.

ह्या धंद्यात मी कशी आले, असं लोक विचारतात. मी लग्न करून सुरतेला आले तेव्हा घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचे. एकदा एका ऑफिसानं काढून टाकलेले कॉम्प्युटर आमच्या ह्यांच्या रिक्षातून भंगारवाल्याकडे निघाले होते. हे पाणी प्यायला घरी थांबले, मी रिक्षात डोकावलं आणि भंगारवाल्याला जाऊन भेटले. तो लोखंड म्हणून वजनावर घेणार होता, मी त्याच्यापेक्षा थोडा जास्त भाव देऊन वजनावरच घेतले. त्यानं मला वेडी समजून काटाही नीट धरला. मग बसले उघडून. एकाचं हे चांगलं, दुसऱ्याचं ते चांगलं, असं करत मेलेल्यांमधून एक जिवंत उभा केला. शिकवणारं कोणी नव्हतं. झटके खाल्ले, एकदा ओढणी पंख्यात गेली, पण तो पहिला कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उभं करून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्याच्यावर टिकल्या लाव."

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर जोडणं म्हणजे संसार मांडणं. मदरबोर्ड ही घराची जमीन, सगळं तिच्यावर उभं राहतं. डिस्क म्हणजे धान्याची कोठी, साठवलेलं सगळं तिथं. रॅम म्हणजे परात. परात मोठी तर एका वेळी जास्त पीठ मळता येतं, लहान असली तर कोठी कितीही भरलेली असो, काम रेंगाळतं. मागच्या बाजूला एसएमपीएस नावाचा एक पत्र्याचा डबा असतो. तो घरातली वीज घेतो आणि ज्याला जेवढी झेपते तेवढीच वाढतो. आणि ऑपरेटिंग सिस्टीम ही घरातली कर्ती बाई. ती उठली नाही तर कोठी भरलेली असून घर उपाशी.

कर्ती बाई रुसली की बहुतेक दुकानदार एकच गोष्ट करतात, फॉर्मॅट मारतात. म्हणजे तिला घराबाहेर काढायची, घर धुऊन काढायचं आणि नवी आणायची. गिऱ्हाइकाचे फोटो, हिशेब, मुलांची शाळेची कामं त्या धुण्यात वाहून जातात. हा उपाय सोपा आहे आणि त्याला डोकं लागत नाही. माझ्या दुकानात तो शेवटचा. आधी मी विचारते, "बंद पडायच्या आधी काय केलं होतं?" सगळे सांगतात, काही नाही. इतक्या वर्षांत काही केलेलं एकही माणूस मला भेटलेलं नाही. एका बाईंचा कॉम्प्युटर दर थोड्या वेळानं बंद पडायचा. घरी जाऊन पाहिलं तर धूळ लागू नये म्हणून त्यांनी त्याला जाडजूड शिवलेलं कव्हर घातलेलं, आणि ते घालूनच तो चालवत होत्या. मी म्हटलं, "उन्हाळ्यात गोधडी पांघरून तुम्ही पळून दाखवा." त्या रागावल्या. पण कव्हर काढलं.

घासाघीस हा माझा दुसरा धंदा. माल मी रिंग रोडकडच्या कॉम्प्युटर मार्केटमधून आणते. तिथल्या मनसुखभाईंशी माझं कित्येक वर्षांचं भांडण आहे. ते भाव सांगतात, मी हसते. ते म्हणतात, "बेन, आमां मने कंई मळतुं नथी." ह्यात मला काही सुटत नाही, म्हणे. मी म्हणते, "मळतुं नथी तो दुकान बंध करो, मनसुखभाई, घेर बेसो." मग मी पिशवी उचलून जिना उतरायला लागते, अगदी सावकाश. अर्धा जिना उतरले की वरून हाक येते. ती हाक आली नाही असं अजून झालेलं नाही, आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मला मनसुखभाईंच्या तब्येतीची काळजी वाटेल.

आता माझं दुखणं सांगते. लोक दुकानात येतात, खुर्चीवर बसतात, माझा चहा पितात. कुठला बोर्ड घेऊ, कुठला प्रोसेसर त्यावर बसतो, किती रॅम लागेल, सगळं विचारतात. मी सांगते. मग "घरी विचारून येतो" म्हणून जातात आणि मोबाइलवरून सगळं ऑनलाइन मागवतात. वस्तू विकणारा दूर कुठेतरी गोदामात, आणि अक्कल माझी, फुकट. वर बिघडलं की परत मीच. ह्या दुखण्याला एक चेहरा होता. तो जयूचा.

जयू म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या भिला आबांची मुलगी. साडीवर मशीनचं भरतकाम होतं, त्याचं डिझाइन आधी कॉम्प्युटरवर काढावं लागतं. सुई कुठे उतरेल, कुठे वळेल, धागा कुठे तुटेल, सगळं टाका-टाका बसवावं लागतं. जयू ते एका कारखान्यात शिकली होती आणि आता तिला घरी स्वतःचं काम सुरू करायचं होतं. ती आली, बसली आणि एकेक गोष्ट विचारत गेली. मला मुलगी आवडली. उत्तर दिलं की त्यातून पुढचा प्रश्न काढायची. तिचं भरतकामाचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि ते जुन्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं. मी तिला समजावलं, "नव्या बोर्डावर जुनी सिस्टीम उठत नाही. बोर्डाच्या आतली एक सेटिंग जुन्या पद्धतीवर करावी लागते. ही गोष्ट तुला कुणी सांगणार नाही." मग भावावर आलो.

"मावशी, थोडं ओछं करा ने."

केलं.

"अजून थोडं. मी काय परकी आहे?"

अजून केलं. मी कुणासाठी एवढी उतरत नाही. ती म्हणाली, "उद्या येते," आणि गेली.

ती आली नाही. काही दिवसांनी त्या गल्लीतून जाताना तिच्या दारात रिकामी खोकी दिसली. खोक्याच्या आकारावरून आत काय होतं ते मला कळतं. बोर्ड मी सांगितलेला, प्रोसेसर मी सांगितलेला, सगळं मी सांगितलेलं. ऑनलाइन. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिनं ते घरच्या घरी जोडलं आणि, समोरचे लेसवाले रफीकभाई मला मुद्दाम सांगायला आले, पहिल्याच झटक्यात सुरू झालं. ते 'पहिल्याच झटक्यात' मला जास्त झोंबलं. तेव्हापासून तिची हाक ऐकू आली की मला नेमकी पिशवीत काहीतरी शोधायचं असायचं.

त्या मशीनवर जयूनं काम उभं केलं, हे मला नाही म्हटलं तरी दिसत होतं. एका साडीवाल्या व्यापाऱ्याचं काम तिला लागोपाठ मिळायला लागलं, आणि मग तिनं बापाला लूमवरून काढलं. भिला आबा बमरोलीच्या शेडमध्ये आयुष्यभर उभे राहिले. कान तिथंच गेले, आणि पुढे छातीनंही कुरकुर सुरू केली. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धाग्याच्या धुळीत जाऊ नका. आबा म्हणायचे, मग खायचं काय? जयूनं एका दिवशी त्यांचा डबाच भरला नाही. म्हणाली, "आता मी आहे." आबा तेव्हापासून घरी. लूमच्या शेठनं त्यांना एवढंच सांगून ठेवलं होतं, की दिवाळीची सुट्टी संपून लाभपाचमेला शेड उघडेल तोवर त्यांची जागा भरणार नाही. आले तर आले.

हे सगळं एका दसऱ्याआधीचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते, तर रिक्षातून भिला आबा उतरले. लूमवरच्या कापडात बांधलेलं गाठोडं छातीशी धरलेलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, इकडे तिकडे पाहिलं, माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले. लूमवर कान गेलेल्या माणसाचं कुजबुजणं कसं असतं ते बाहेरच्यांना माहीत नसेल. अख्ख्या रांगेनं मान वर केली.

"सुनंदा, जयूले सांगू नको बरं!"

समोरून रफीकभाई ओरडले, "नहीं बताएँगे आबा, हममें से कोई नहीं बताएगा!"

मी गाठोडं सोडलं. जयूचा कॉम्प्युटर. कुंकू, हळद, हार, सगळं जागच्या जागी. माझ्या डोक्यात ती रिकामी खोकी उभी राहिली. मी मोठ्यानं म्हणाले, कारण आबांशी मोठ्यानंच बोलावं लागतं, "आबा, ऑनलाइनवाल्याला बोलवा. ज्याच्याकडून घेतला त्यानं बघावा."

आबा खुर्चीवर बसले. श्वास गोळा केला. "मन्हाघाई बिघडनं का वं ते?" त्यांनी विचारलं. माझ्यामुळे बिघडलं का, एवढंच त्यांना हवं होतं. "खरं सांग."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आमच्याकडे लूमची पूजा मोटरपासून सुरू करतात. मोटर फिरली तर लूम, लूम फिरलं तर घर, असा तो मान. आबांनी दसऱ्याला ताट घेऊन कॉम्प्युटरपुढं उभं राहून जयूला विचारलं, "येनी मोटर कोठे शे?" जयू कामात होती. व्यापाऱ्याचं लग्नसराईचं मोठं काम दिवाळीची सुट्टी पडायच्या आत द्यायचं होतं. तिनं मान न वळवता मागच्या डब्याकडे बोट केलं, जिथं विजेची वायर जाते तिकडे. म्हणजे एसएमपीएसकडे. आबांनी मोटरची पूजा केली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि नारळाचं पाणी ओंजळीतून, मनापासून, त्या डब्याच्या जाळीवर सोडलं. फट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली.

जयू तेव्हापासून बोलत नव्हती. आबा म्हणाले, "काम गेलं तर गेलं. मी लूमवर जास परत." तेही त्यांनी कुजबुजून सांगितलं. समोर रफीकभाई ह्या वेळी खाली मान घालून लेस मोजायला लागले.

मी पत्रा उघडला. राग होताच, पण आत पाहिलं आणि हात थांबला. एकेक वायर मागच्या बाजूनं नेऊन पट्टीनं बांधलेली, पंख्याच्या वाटेत काही नाही, स्क्रू सगळीकडे आणि नेमके तेवढेच. ती माहिती विचारायला आली होती तेव्हा मी तिला जसं सांगितलं होतं तसं. माझ्याकडे पैसे देऊन शिकायला आलेल्यांनीही इतकं माझं ऐकलेलं नाही.

एसएमपीएस जळला होता. तो मरताना एक उपकार करतो, बहुतेक वेळा दुसऱ्यांना नेत नाही. मी सगळं पुसलं, ब्रशनं कुंकू झाडलं, रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासून परत बसवल्या. डिस्क काढून आधी माझ्या मशीनला लावून पाहिली. कोठी शाबूत होती, डिझाइनं दिसत होती. ती मी उतरवून ठेवली. पण नुसत्या फाइली हाती असून भागत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती पुरी करायची ते त्या मशीनच्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमला बांधलेलं होतं. ती गेली तर ते गेलं, आणि नवं घेणं त्या घराला तेव्हा जमणारं नव्हतं. कर्ती बाईच उठायला हवी होती.

माझ्याकडचा नवा एसएमपीएस बसवला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. आबांनी हात जोडले. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली की सिस्टीम सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तेवढ्यात जयू आली. आबांना शोधत आली होती, वाटेत कुणी तरी सांगितलंच असणार. तिनं पडदा पाहिला, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "गेली सिस्टीम. पाणी गेलं आतपर्यंत. फॉर्मॅट मारा मावशी. किती घ्याल?"

"फॉर्मॅट मारून काय करशील?"

"कारखान्यात परत नोकरी बघते. मशीन विकून टाकते."

आबांना ऐकू गेलं नाही, पण चेहऱ्यावरून कळलं. ते उठले. "मी शेठकडे जाऊन येस," म्हणाले आणि दाराकडे निघाले.

"बसा!" मी ओरडले. माझा ओरडा आबांनाही ऐकू येतो. "दोघंही बसा. हे माझं दुकान आहे. इथं मी सांगितल्याशिवाय कुणी फॉर्मॅट मारत नाही आणि कुणी लूमवर जात नाही." मग जयूकडे वळले. "बंद पडल्यानंतर तू काय केलंस?"

"काही नाही."

"आठव."

"काही नाही केलं मावशी. जे केलं ते आबांनी केलं."

मी मशीन पुन्हा बंद करून सुरू केलं आणि ह्या वेळी बोर्डाच्या आतल्या सेटिंगच्या पानावर गेले. तिथं वर तारीख असते. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती, जयू शाळेत असेल तेव्हाची. मला हसू आलं. बोर्डावर एक चपटा सेल असतो, घड्याळात असतो तसा. वीज बंद असली तरी तारीख आणि सेटिंग त्याच्या जिवावर लक्षात राहतात. नारळाचं पाणी तारीख मागे नेत नाही. सेल काढल्यावरच ती मागे जाते.

"जयू, सेल कुणी काढला?"

तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. रफीकभाई आता उघडपणे दारात येऊन उभे होते.

"व्हिडिओत होतं," ती हळूच म्हणाली. "मशीन सुरू होत नसेल तर सेल काढून परत लावा. सगळ्यावर उपाय आहे म्हणे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं त्यानं काय होणार आहे."

माझा पारा चढला, तो चढतोच. "त्यानं काय होतं ते ऐक. सेल काढला की बोर्ड सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तेव्हासारखा होतो. तुझी सिस्टीम जुनी, तिच्यासाठी बोर्ड जुन्या पद्धतीवर ठेवावा लागतो. ते तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही," ती म्हणाली.

"इथंच बसून. माझा चहा पीत. तू ती सेटिंग केलीस म्हणून पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि तूच ती पुसून टाकलीस. तुझ्या बापानं डबा जाळला, तो डबा मी बदलला. कर्ती बाईला बाहेर काढून दाराला कडी तू लावलीस. आणि त्याच्याशी बोलणं बंद केलंस!"

मी ती एक सेटिंग जुन्या पद्धतीवर केली, तारीख लावली आणि बटण दाबायला हात पुढे केला. मग मागे घेतला. "तू दाब," मी जयूला म्हणाले. तिनं दाबलं. काळा पडदा, जरा वेळ काहीच नाही, आणि मग तिचा तो नेहमीचा पडदा आला, अर्धवट राहिलेल्या साडीच्या पदराचं चित्र असलेला. अर्ध्या पदरावर मोर बसलेला होता आणि अर्धा पदर रिकामा.

आबा पडद्याजवळ वाकून बघत राहिले. जयूनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं, रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा, तुमच्यामुळे नाही बिघडलं. डबा मीच दाखवला होता. आणि बाकीचं मी बिघडवलं." आबांनी मान हलवली. ऐकू आलं की नुसतीच हलवली, मला सांगता येणार नाही. पण दारापाशी काढलेली चप्पल त्यांनी परत आत सरकवली आणि खुर्चीत नीट बसले.

आता व्यवहार. जयूनं पर्स उघडली. मी म्हटलं, "एसएमपीएसचे दे. मजुरी नको. मजुरीच्या बदल्यात एक अट. ह्यापुढं जे काही लागेल ते माझ्याकडून."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "भाव बघून."

मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की मी तिला चहा सांगितला.

काम वेळेत गेलं. लाभपाचमेला शेड उघडली तेव्हा आबा तिकडे गेले ते फक्त शेठला पेढे द्यायला. पुढच्या काही महिन्यांत जयूनं आमच्या भागातल्या दोन-तीन जणींना डिझाइन शिकवलं. त्यांनाही घरी मशीन हवं झालं. जयू त्यांना माझ्या दुकानात घेऊन आली, माझ्याच खुर्चीत बसवून पार्ट्स निवडून दिले, आणि मग त्यांच्या वतीनं माझ्याशी अशी घासाघीस केली की मला मनसुखभाईंची दया आली. मी पिशवी उचलून जिना उतरते ना, तशी ती उठून दाराकडे जायची. सावकाश. मला ती युक्ती ओळखता येऊनही हाक मारावी लागायची. आता आठवड्यातले काही दिवस ती माझ्याकडेच बसते. जोडणी ती करते, सिस्टीमचं बघते. रुसलेली कर्ती बाई तिच्याकडून माझ्यापेक्षा लवकर उठते, हे मी तिच्यासमोर बोललेली नाही.

खंत एवढीच, की हल्लीचे काही लॅपटॉप उघडताच येत नाहीत. सगळं चिकटवलेलं, रॅम बोर्डातच पुरलेली, परात बदलायची सोय नाही. कुणी असला घेऊन आला की मी हात लावायच्या आधीच रागावते. पण घरचा, जोडलेला, स्क्रूनं उघडणारा कॉम्प्युटर आमच्या लिंबायतमध्ये अजून आहे, आणि त्याच्यावर पोट भरणाऱ्या मुली वाढताहेत. माझं ऑनलाइनचं दुखणं मात्र गेलेलं नाही. परवाच एकजण सगळी माहिती घेऊन गेला. परत येईल. फट् असा आवाज झाला की येईल.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला भिला आबा सकाळीच दुकानात आले. हातात पूजेचं ताट आणि काखेत एक गुंडाळलेलं कापड. ते कापड म्हणजे कॉम्प्युटरला घालायचं कव्हर होतं, जयूनं डिझाइन करून भरलेलं. पुढे 'सुनंदा कॉम्प्युटर' अशी अक्षरं आणि कडेनं मोर. कव्हर पाहून मी तोंड उघडणार, तोच जयू म्हणाली, "मावशी, मागून बघा." पंखा जिथं येतो तिथं तिनं जाळीचं कापड लावलं होतं. वर म्हणाली, "तरी चालवताना काढायचंच. फक्त पूजेपुरतं आहे."

आबांनी टेबलावरच्या मशीनला कव्हर घातलं, वर हळदकुंकू वाहिलं. मग ताट हातात घेऊन दुकानभर पाहिलं आणि पोरीला विचारलं, "आठली मोटर कोठे शे?" इथली मोटर कुठे आहे.

जयू एका बोर्डावर प्रोसेसर बसवत होती. तिनं मान न वळवता बोट केलं. माझ्याकडे.

आबा ताट घेऊन माझ्यापुढं आले. हळदीचं बोट कपाळाला लावलं, मग कुंकवाचं. माझं कधी कुणी असं काही केलेलं नव्हतं, त्यामुळे मी ओढणी सावरून उभी राहिले. पण मग त्यांनी नारळाच्या वाटीतलं पाणी ओंजळीत घेतलं, मनापासून, आणि मला रांगेला ऐकू जाईल असं ओरडावंच लागलं:

"आबा, पाणी नको!"